हॉट चॉकलेट घरी करताना: कुठला स्वाद कशात घालायचा?

मंद_आच

थंडी पडली की पाककृती विभागात हॉट चॉकलेटची चौकशी सुरू होते आणि दर वेळी उत्तर एकच येतं: गरम दुधात ड्रिंकिंग चॉकलेट घाला, ढवळा, प्या. त्या डब्यावरची घटकांची यादी वाचा. बहुतेक वेळा पहिला मान साखरेचा असतो, कोको मागून येतो. गोड गरम दूध म्हणून त्याला माझी ना नाही. पण त्यात संत्र्याची साल किसा, नाहीतर दालचिनी घाला, जिभेवर शेवटी साखरच उरते. स्वाद खेळवायचा असेल तर कोको, चॉकलेट, साखर आणि दूध वेगवेगळं हाताशी हवं. म्हणून हा सविस्तर धागा.

आधी मूळ कृती. दोन मोठे कप होतात.

दूध ४०० मिली, बिनसाखरेची कोको पावडर २ सपाट टेबलस्पून, साखर २ टेबलस्पून, डार्क चॉकलेट ४० ग्रॅम बारीक चिरून, मीठ अगदी चिमूटभर, आणि उकळतं पाणी पाव कप.

पातेल्यात कोको, साखर आणि मीठ कोरडंच एकत्र करा. ही पायरी कोणी गाळू नये. कोको दुधात विरघळत नाही, तो नुसता तरंगत राहतो. थेट दुधात टाकला की वरून ओला, आतून कोरडा अशा गुठळ्या होतात आणि मग कितीही ढवळा, त्या फुटत नाहीत. साखरेचे दाणे मध्ये आले की कोकोचे कण सुटे राहतात. आता त्यावर उकळतं पाणी थोडं थोडं ओतून चमच्याच्या पाठीने घोटा. चकचकीत, सैलसर लगदा झाला पाहिजे. तो मंद आचेवर एखाद मिनिट शिजवा. कोकोत स्वतःचा स्टार्च असतो, तो या वेळी फुलतो आणि कच्चट चव जाते. वासात फरक पडतो तो इथेच. आधी डब्यातल्या धुळीचा वास असतो, मग एकदम चॉकलेटचा येतो.

मग दूध घाला, आधी दोन डाव, नीट मिसळलं की बाकीचं. कडेने बुडबुडे यायला लागले की गॅस बंद. चिरलेलं चॉकलेट आता टाकायचं, अर्धा मिनिट तसंच राहू द्यायचं आणि मग घुसळायचं. चॉकलेट घातल्यावर पुन्हा खळखळून उकळू नये, तेल सुटून वर तवंग येतो.

घुसळायला रवी काढा. हँड ब्लेंडर चालतो, पण रवीची मजा वेगळी. पातेलं थोडं तिरकं धरा, रवीचं फूल तळाशी न टेकवता वरच्या थरात ठेवा आणि दोन्ही तळव्यांत फिरवा. आधी मोठे फुगे येतात आणि फुटतात. फिरवत राहिलात तर ते बारीक होत जातात आणि शेवटी वर बोटभर घट्ट फेस बसतो, कपात ओतला तरी मोडत नाही. साय धरायचा प्रश्नच उरत नाही.

दुधाबद्दल एक महत्त्वाचं. परदेशी कृतींत ‘होल मिल्क’ लिहिलेलं असतं आणि आपण भक्तिभावाने फुल क्रीमची पिशवी आणतो. अमेरिकेत होल मिल्कमध्ये फॅट असतं ३.२५ टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडच्या फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के, टोन्डमध्ये ३. म्हणजे तिकडच्या कृतीला आपलं टोन्ड दूध जवळचं. फुल क्रीम आणि वर ४० ग्रॅम चॉकलेट म्हणजे तिसऱ्या घोटाला पोट भरतं. शिवाय दुधातला स्निग्धांश जितका जास्त तितकी कोकोची धार बोथट.

आता स्वाद. माझं म्हणणं एवढंच आहे की हॉट चॉकलेटमध्ये स्वाद फसतो तो बहुतेक वेळा प्रमाणामुळे नाही, चुकीच्या टप्प्यावर घातल्यामुळे. प्रत्येक स्वादाची एक जागा असते.

अख्खे मसाले (दालचिनी, वेलची, लवंग, सुकी मिरची) थंड दुधात घालून दूध हळूहळू तापवावं, झाकून दहा मिनिटं ठेवावं, गाळावं आणि ते दूध वरच्या कृतीत वापरावं. मसाल्यांतली तेलं दुधाच्या स्निग्धांशात उतरायला वेळ लागतो. दालचिनीची पूड मात्र घालू नका, ती विरघळत नाही, तळाशी बुळबुळीत गाळ होतो.

संत्र्याची साल साखरेत. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर किसायला गेलात तर बोटंच किसली जातात. म्हणून आधी अख्खं संत्रं कोमट पाण्याने चोळून धुवा, पुसा, बारीक किसणीवर वरचा केशरी भाग तेवढा किसून घ्या आणि मग सोलून खा. पांढरा भाग कडू. तो कीस साखरेत बोटांनी चोळला की साखर ओलसर आणि पिवळसर होते, सालीतलं तेल तिने धरलेलं असतं. हीच साखर कोकोत मिसळायची. संत्र्याचा रस दुधात घालू नये हे सांगायला नको, फाटेल.

कॉफी लगद्यात. पाव चमचा इन्स्टंट कॉफी कोकोबरोबर घातली तर कॉफीची चव कळतसुद्धा नाही, चॉकलेट मात्र दुप्पट गडद लागतं.

पुदिना गॅस बंद केल्यावर. ताजी पानं हाताने चुरगळून गरम दुधात पाच मिनिटं, लगेच गाळायची. पानं उकळलीत तर पालेभाजीचा वास येतो. गवती चहा याच्या उलट, तो खुशाल उकळा.

केशर कोमट दुधात आधी भिजवून, व्हॅनिला अगदी शेवटी, जायफळ कपात ओतल्यावर वरून किसून.

आलं मात्र जपून. कच्च्या आल्याच्या रसातलं एन्झाइम दूध विरजवतं. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात याच गुणावर आल्याच्या रसात कोमट दूध ओतून गोड पदार्थ लावतात. आपल्याला तसं नको असेल तर आलं पाण्यात चांगलं उकळून घ्या आणि त्या पाण्याने लगदा करा. किंवा सरळ सुंठ वापरा.

तुमचे प्रयोग लिहा. फोटो उद्या.

---

तिखटमीठ

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! वाचनखूण साठवली आहे. कोको पावडर कुठली आणू? दुकानात एक फिकट तपकिरी आणि एक जवळजवळ काळी अशी दोन प्रकारची दिसते, किमतीतही फरक आहे. आणि डार्क चॉकलेटऐवजी केकवाल्यांकडे मिळतो तो मोठा स्लॅब चालेल का? स्वस्त पडतो.

---

मंद_आच

तिखटमीठ, आधी स्लॅबचं सांगते. पाकिटावर ‘कंपाउंड’ लिहिलं असेल तर हॉट चॉकलेटला नको. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. केकवर थर द्यायला ती सोयीची, कारण टेम्परिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानाला वितळवून-निववून चमक आणायची, कटकट नसते. पण पेयात टाळूला मेणचट थर बसतो आणि पाणी प्यायलं तरी जात नाही. घटकांच्या यादीत कोको बटर किंवा कोको सॉलिड्स आहेत आणि दुसरं कुठलं तेल नाही, एवढं बघून घ्या. ५५ टक्क्यांच्या पुढचं कुठलंही डार्क चॉकलेट चालेल. ७० च्या वर गेलात तर साखर अर्धा चमचा वाढवा.

कोकोच्या दोन रंगांबद्दल इथे एक जाणकार आहेत, त्या लिहितीलच.

---

डच_मावशी

हाक ऐकली. :) मी राहते तिथे, नेदरलँड्समध्ये, हा अभिमानाचा विषय आहे, त्यामुळे जरा लांबण लावणार.

पूर्वी चॉकलेट प्यायचं म्हणजे भाजलेल्या कोकोच्या बिया वाटून त्याचा गोळा पाण्यात उकळायचा. बियांमध्ये निम्म्याच्या आसपास चरबी, ती वर तरंगायची. १८२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कॅस्पारुस व्हॅन हाउटन यांनी ही चरबी दाबून काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. मागे राहिली ती कोरडी पेंड, तिची पूड म्हणजे कोको पावडर. त्यांचा मुलगा कुनराड याने पुढे कोकोवर क्षाराची प्रक्रिया केली. कोको मुळात आंबटसर असतो. क्षाराने आंबटपणा मारला जातो, रंग गडद होतो आणि पूड पाण्यात चटकन भिजते. तुझ्या दुकानातली काळपट पावडर बहुधा तीच, डच प्रोसेस्ड.

डब्यावर डच लिहिलेलं असेलच असं नाही. घटकांमध्ये अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर ५०० किंवा ५०१ दिसलं की समजायचं क्षार वापरलाय. नुसतं ‘कोको पावडर’ एवढंच असेल तर नैसर्गिक.

पिण्यासाठी मी डचच घेईन. नैसर्गिक कोकोत फळासारखी आंबट झाक असते, संत्र्याबरोबर छान जाते, पण वेलची-जायफळाशी तिचं पटत नाही. घरात नैसर्गिकच असेल तर लगद्यात खाण्याचा सोडा घाला, चिमटीत मावेल त्याच्याही अर्धा. डोळ्यांदेखत रंग गडद होतो. जास्त पडला तर साबणाची चव येते.

इथे हिवाळ्यात कालवे गोठले की बर्फावर टपऱ्या लागतात, स्केटिंग करणारे तिथे थांबून गरम चॉकलेट दूध पितात. वर फेटलेल्या क्रीमचा डोंगर. अलीकडे कालवे गोठतात कुठे म्हणा.

---

रांगडा_गडी

धागा चांगलाय पण टोन्ड दुधाचा मुद्दा आमच्या पचनी पडणार नाही. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध उभ्या उभ्या प्यालेली माणसं आम्ही. तीन टक्क्यांच्या दुधाला आमच्याकडे पांढरं पाणी म्हणतात. म्हशीच्या दुधात करून बघा, मग बोला.

---

मंद_आच

रांगडे, म्हशीच्या दुधातच करायचं असेल तर चॉकलेट पूर्ण काढा आणि कोको ३ टेबलस्पून करा. स्निग्धांश दुधातून येतोच आहे, कोको बटरची गरज उरत नाही. तेही उत्तम लागतं, खोटं कशाला बोलू. पण ४० ग्रॅम चॉकलेट आणि म्हशीचं दूध दोन्ही घेतलंत तर नंतर तालमीत जावं लागेल.

---

रांगडा_गडी

तालीम गल्लीतच आहे, काळजी नसावी.

---

बाळबोध_लिपी

मी वसतिगृहात राहतो. गॅस नाही, मायक्रोवेव्ह नाही, फक्त पाणी तापवायची विजेची किटली आणि एक स्टीलचा मग. आमच्यासारख्या दीनदुबळ्यांसाठी काही?

---

मंद_आच

बाळबोध, तुझ्यासाठी कोरडं मिश्रण. सुट्टीत घरी गेलास की करून आण.

दूध पावडर २ कप, पिठीसाखर पाऊण कप, डच कोको पाऊण कप, कॉर्नफ्लोअर १ टेबलस्पून, मीठ पाव चमचा. सगळं दोनदा चाळून घ्यायचं. शक्य असेल तर १०० ग्रॅम डार्क चॉकलेट तासभर फ्रीजमध्ये ठेवून मिक्सरमध्ये झटके देत दळायचं आणि त्यात मिसळायचं. सलग फिरवलंस तर भांडं तापून लगदा होईल. कोरड्या बरणीत महिनाभर राहतं, पण चमचा ओला नको.

पिताना मगात ३-४ मोठे चमचे घे, आधी दोन चमचे उकळतं पाणी घालून नीट घोट आणि मग मग भर. पाणी खरंच उकळतं हवं, नाहीतर कॉर्नफ्लोअर कच्चं राहतं. कोमट पाण्यावर भागवायचं असेल तर मिश्रणातून कॉर्नफ्लोअर वगळ. आणि किटलीत दूध तापवू नकोस, तळाशी लागतं आणि मग खोलीतल्या सगळ्यांच्या चहाला तो वास.

स्वादासाठी: वेलची सालासकट थोड्या साखरेबरोबर दळून चाळून घे आणि ती साखर मिश्रणात घाल. किंवा इन्स्टंट कॉफी दोन चमचे.

---

नेहमीचाच_खवचट

सगळं ठीक. मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. एकादशीला चालतं का?

---

पंचपाळं

खवचट, चॉकलेट कुठल्या पोथीत आलंय म्हणून निषिद्ध असेल? आमच्याकडे सासूबाईंनी निकाल दिलाय: साबुदाण्याला पोर्तुगीजांनी आणलेला बटाटा चालतो तर मेक्सिकोच्या बिया का नाही. कॉर्नफ्लोअर नको म्हणून दाटपणाला आरारूट घालते. एक कपाला अर्धा चमचा, थंड दुधात कालवून शेवटी. आरारूट कॉर्नफ्लोअरपेक्षा लवकर दाट होतं आणि फार उकळलं की पुन्हा पातळ होतं, म्हणून एक उकळी आली की बास. शिंगाड्याच्या पिठानेही होतं, पण चवीत पीठ जाणवतं.

आता मसाल्यांवर थोडं, कारण मंद_आचने जायफळाची एका ओळीत बोळवण केली आहे आणि मी रत्नागिरीकडची, मला हे सहन होणार नाही. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी, अननस अशी आंतरपिकं घ्यायची ‘लाखी बाग’ बसवली. आमच्या वाडीतही माडांखाली जायफळं आहेत. ताज्या वाळवलेल्या जायफळाला तेल इतकं असतं की किसणीच्या भोकांना ते चिकटतं. बाजारातलं वर्षानुवर्षं पडलेलं जायफळ घेतलंत तर भुसा किसल्याचा भास होईल. नखाने खरवडून बघा, खरवडलेल्या जागी तेलकट चमक दिसली पाहिजे.

दालचिनीही दोन तऱ्हेची. किराणा दुकानात जाड, टणक, झाडाच्या सालीचा तुकडा मिळतो ती बहुतेक कॅशिया. तिखट, थेट. खरी दालचिनी पातळ कागदी थरांची सुरळी असते, बोटांत चुरते. कोकणात ती होते, दापोलीच्या विद्यापीठाची ‘कोकण तेज’ म्हणून जात आहे. हॉट चॉकलेटमध्ये खरी दालचिनी घातली तर गोडसर, लिंबाच्या सालीच्या जवळपास जाणारा वास येतो. कॅशिया घालायची तर अर्धीच घाला, नाहीतर चॉकलेट मागे पडून मसाले दूध होईल.

आणि आमचं घरचं: नारळाच्या दुधातलं. ओल्या नारळाचं पहिलं जाड दूध एक वाटी, दुसरं पातळ दूध दोन वाट्या, कोको ३ चमचे, माडाचा काळा गूळ चवीप्रमाणे, वेलची, मीठ. कोको आणि गूळ पातळ दुधात उकळायचा, गाळायचा, गॅस बारीक करून जाड दूध घालायचं आणि वाफ आली की उतरवायचं. जाड दूध उकळलं की चोथापाणी होतं. माडाच्या गुळाला धुराची झाक असते, ती कोकोबरोबर अशी काही बसते की साखर पुन्हा घालावीशी वाटत नाही. गोव्यात आणि सिंधुदुर्गात हा गूळ मिळतो, पुण्यामुंबईत कोकणी वस्तूंच्या दुकानात विचारा.

---

साखरफुटाणा

पंचपाळं, नारळाचं दूध नको असेल आणि साध्या दुधात गूळ घालायचा असेल तर? फाटतं ना?

---

पंचपाळं

फाटू शकतं, गुळावर अवलंबून आहे. गूळ थोडा आंबट असतो आणि उकळत्या दुधात पडला की दगा देतो. कोकोच्या लगद्यातच, पाण्यात, गूळ पूर्ण वितळवून गाळून घ्या, थोडं थंड होऊ द्या. दूध वेगळं तापवा, खाली उतरवा आणि मग एकत्र करा. एकत्र केल्यावर उकळू नका. लगद्यात चिमटीभर सोडा असेल तर आणखी सुरक्षित. चहात गूळ घालतो तोच नियम.

---

वाटेवरचा_धोंडा

मेक्सिकोचा उल्लेख आला म्हणून लिहितो. नोकरीनिमित्त तिथे होतो तेव्हा ओहाका शहरात गेलो होतो. तिथल्या बाजाराच्या आसपास चॉकलेटच्या गिरण्या आहेत. गिऱ्हाईक भाजलेल्या कोकोच्या बिया, दालचिनी, बदाम आणि साखर आपल्याला हव्या त्या प्रमाणात घेतं आणि समोर दळून घेतं. आपल्याकडे उन्हाळ्यात कांडपावर मिरची-मसाला घेऊन बायका रांग लावतात, तसंच अगदी. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. गिरणीतून लगदा गरम आणि चमकदार बाहेर पडतो, घरी नेऊन त्याच्या वड्या थापतात.

त्या वड्या पाण्यात किंवा दुधात उकळतात. दुकानात विचारतात, पाण्यातलं की दुधातलं? मी पाण्यातलं मागितलं आणि तेव्हापासून दुधातलं मागितलेलं नाही. दूध नसल्यामुळे कोकोची स्वतःची चव, थोडी तुरट, थोडी भाजकी, मोकळी लागते. वर फेस असतो. तो काढतात मोलिनियो नावाच्या लाकडी घुसळणीने. कोरीव फूल, त्यावर सैल कड्या, आणि दांडा तळव्यांमध्ये फिरवायचा. आमच्या आजीच्या रवीला पाहिलं असतं तर तिथल्या म्हातारीने ओळख दाखवली असती. स्पॅनिश लोक येण्याआधी तिथे एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस काढायचे. सोबत अंड्याचा पिवळसर पाव देतात, तो बुडवून खायचा.

मिरचीचं म्हणाल तर तिथे रोजच्या चॉकलेटमध्ये मला ती भेटली नाही, दालचिनीच जास्त. जुन्या काळी घालत. पण मिरची घालायची असेल तर आपली ब्याडगी वापरा: बी काढून, तव्यावर जराशी शेकून, मोडून दुधात. रंग आणि वास येतो, ठसका बेताचा. लवंगी घालायचं धाडस करू नका.

---

तिखटमीठ

पाण्यातलं आजच केलं! दूध संपलं होतं म्हणून. :) ५० ग्रॅम चॉकलेट, एक कप पाणी, एक चमचा कोको, थोडी साखर, दालचिनी. मला वाटलं होतं पचपचीत होईल. अजिबात नाही. लहान कपात प्यायचं, एवढंच.

---

डच_मावशी

धोंडा, छान लिहिलंत. चीज घालायची पद्धतही कुठेशी आहे ना तिकडे?

---

वाटेवरचा_धोंडा

ते कोलंबियात. गरम चॉकलेटमध्ये मऊ चीजचे तुकडे टाकतात, ते तळाशी लुसलुशीत होतात आणि चमच्याने काढून खातात. मी खाल्लेलं नाही, पण ऑफिसातला कोलंबियन सहकारी त्याच्या आईच्या हातचं आठवून डोळे मिटायचा. पनीर टाकून बघू नका, ते वितळत नाही. नाहीतर उद्या इथे ‘पनीर हॉट चॉकलेट’ असा धागा निघेल.

---

नेहमीचाच_खवचट

उशीर झाला, मी शीर्षक टाइप केलं होतं.

---

साखरफुटाणा

दोन शंका. एक, मुलं संध्याकाळी मागतात, झोप उडते का? दोन, मार्शमॅलो घालायचे तर शाकाहारी मिळतात का? आणि इटालियन कॅफेत मिळतं ते चमच्याने खाण्याइतकं घट्ट कसं करतात?

---

मंद_आच

साखरफुटाणा, या दोन नाहीत, तीन झाल्या. :)

कोकोत कॅफीन असतं, पण कॉफीच्या मानाने फार कमी. थिओब्रोमीन जास्त असतं, तेही सौम्य उत्तेजक आहे. सात वाजता अर्धा कप दिला तर आमच्याकडे काही बिघडत नाही, दहा वाजता देऊ नये. आणि घरात कुत्रा असेल तर कप त्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवू नका. थिओब्रोमीन कुत्र्यांच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, डार्क चॉकलेट आणि कोको त्यांना खरोखर विषारी आहे. लाडाने चाटायला देणारे लोक पाहिलेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

मार्शमॅलोत जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासूनच येतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या, शाकाहारी मिळतात. खरं सांगायचं तर मला ते आवडत नाहीत. गोडावर गोड. त्याऐवजी घट्ट सायीत अर्धा चमचा साखर फेटून वर टाका, थंड साय आणि खाली गरम कडसर चॉकलेट. साय आपल्या घरात रोज असते आणि आपण तिचं नेहमी तूपच करतो.

घट्ट इटालियन तऱ्हेसाठी मूळ कृतीत दीड चमचा कॉर्नफ्लोअर, थोड्या थंड दुधात कालवून, दूध तापल्यावर घालायचं आणि सतत ढवळत दोन-तीन मिनिटं शिजवायचं. मग चॉकलेट ४० ऐवजी ७० ग्रॅम. चमच्यावर जाड थर धरला पाहिजे. थंड झालं की आणखी आळतं. तुरीन शहरात याचाच एक अवतार आहे, बिचेरिन: काचेच्या लहान पेल्यात चॉकलेट, कॉफी आणि वर क्रीम असे थर. तिथे ढवळायचं नसतं, थरांतूनच प्यायचं. आपल्या फिल्टर कॉफीचा घट्ट डिकॉक्शन वापरून हे फार सुरेख होतं.

---

पंचपाळं

गुलकंद कोणी लिहिला नाही अजून! एक चमचा गुलकंद गरम दुधात कुस्करून गाळून, साखर निम्मी. बडीशेप अर्धा चमचा त्याच दुधात. विड्याची आठवण येते.

---

रांगडा_गडी

मान्य करतो. चॉकलेट काढून, कोको वाढवून, म्हशीच्या दुधात केलं. वर जायफळ. घरी म्हाताऱ्याने दोनदा मागितलं. टोन्ड मात्र आणणार नाही.

---

डोंबिवली_फास्ट_लेन

धागा वर काढतोय. ३१ डिसेंबरला सोसायटीत ४० माणसं, गच्चीवर, लहान कागदी कप. हॉट चॉकलेट करायचं ठरलंय आणि काम माझ्या गळ्यात. दूध किती, बाकी किती? आणि तासभर गरम कसं ठेवू? ज्येष्ठ नागरिकांसाठी बिनसाखरेचंही हवंय.

---

मंद_आच

डोंबिवली, कप १२५ मिलीचा धरला तर ५ लिटर दूध. एवढ्या प्रमाणात सगळं चॉकलेट वापरलंत तर वर्गणी वाढेल, म्हणून कोकोवर भर देऊ: कोको १८० ग्रॅम, साखर ४०० ग्रॅम, डार्क चॉकलेट ३०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ४ टेबलस्पून, मीठ सपाट अर्धा चमचा, लगद्यासाठी अर्धा लिटर पाणी. कॉर्नफ्लोअर इथे दाटपणासाठी कमी आणि कोको तळाशी बसू नये म्हणून जास्त. ते पाऊण वाटी थंड दुधात कालवून, मोठं पातेलं कडेने उकळायला लागल्यावर घाला आणि चार-पाच मिनिटं ढवळत शिजवा. चॉकलेट गॅस बंद करून शेवटी.

संत्र्याचा स्वाद देणार असाल तर आठ-दहा संत्र्यांचा कीस ४०० ग्रॅम साखरेत आदल्या रात्रीच चोळून डब्यात बंद करून ठेवा. गच्चीवर फोडी वाटून टाका.

गरम ठेवायला थेट आचेवर ठेवू नका, तळाशी करपतं आणि सगळ्या पातेल्याला वास लागतो. मोठ्या टोपात उकळतं पाणी, त्यात हे पातेलं, खाली बारीक गॅस. किंवा केटररकडून चहाची थर्मास टाकी आणा, पण तोटीची असेल तर गाळूनच भरा.

बिनसाखरेचं करायचं तर अर्धा लिटर वेगळं काढा, त्यात चॉकलेटही साखरेचं नको, नुसता कोको, दालचिनी आणि मीठ. गूळ घालून ‘बिनसाखरेचं’ म्हणू नका, मधुमेह्याला गूळ आणि साखर सारखीच. दूध थोडं आटवलंत तर त्याचा स्वतःचा गोडवा येतो, पण ती दुधातलीच साखर, तेव्हा कप लहान द्या.

---

डोंबिवली_फास्ट_लेन

लाख धन्यवाद. यादी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत तीन जणांनी विचारलं की त्याऐवजी मसाले दूध का नको. उरलेलं दुसऱ्या दिवशी चालतं का? उरणार असं आत्ताच दिसतंय.

---

मंद_आच

थंड झाल्यावर लगेच फ्रीजमध्ये, दोन दिवस राहतं. घट्ट होईल, तापवताना थोडं दूध घालून मंद आचेवर घुसळा. नाहीतर कुल्फीच्या साच्यात भरून फ्रीझरला लावा, त्यासाठी साखर चमचाभर जास्त लागेल. मसाले दूधवाल्यांना वेलची-जायफळाचं द्या आणि काही बोलू नका.